सोडिअमचा आयन पाण्याच्या रेणूपेक्षा लहान असूनही पेशीपटल त्याला का अडवते?

खाडीकाठची_शिक्षिका:
नमस्कार. मी रत्नागिरी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या मुलांना आम्ही नुकतीच भाट्ये खाडीवरील खारफुटी दाखवली. तिवराच्या पानांवर मिठाचे बारीक कण दिसत होते, कांदळाची पाने मात्र स्वच्छ होती. पेशीपटल निवडक्षम असते, ते पाण्याला जाऊ देते आणि क्षारांना अडवते, असे मी सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, सोडिअमचा आयन पाण्याच्या रेणूहून लहान असेल, तर लहान कण अडतो आणि मोठा पार होतो हे कसे? तिचे म्हणणे बरोबर आहे. आयनाची त्रिज्या सुमारे ०.१० नॅनोमीटर, तर पाण्याच्या रेणूची सुमारे ०.१४ नॅनोमीटर आहे. तिला पटेल असे उत्तर मला हवे आहे.

जीवरसायन_दापोली:
मॅडम, प्रश्न फार चांगला आहे, कारण पटल म्हणजे बारीक भोकांची चाळण ही पाठ्यपुस्तकी समजूत तो थेट मोडून काढतो. पटलाचा पाया फॉस्फोलिपिडांचा दुहेरी थर आहे. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे आणि दोन शेपट्या पाणी टाळणाऱ्या असतात, त्यामुळे शेपट्या आतल्या बाजूस एकमेकींसमोर येतात आणि मधोमध तेलासारखा पट्टा तयार होतो. गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील मेद वेगळा करून पाण्यावर पसरवला, तेव्हा त्याचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले. थर दुहेरी असल्याचा तर्क तेथून पुढे आला.

आता सोडिअम. पाण्यात तो एकटा कधीच नसतो. त्याच्या धनभारामुळे पाण्याचे रेणू त्याच्याभोवती घट्ट गोळा होतात आणि हे वेष्टन सोडून भाररहित तेलकट पट्ट्यात शिरायचे, तर फार मोठी ऊर्जा लागते. पाण्याच्या रेणूवर निव्वळ विद्युतभार नाही, म्हणून तो मंद गतीने का होईना, या पट्ट्यातून सरकू शकतो. प्रथिनांविना तयार केलेल्या कृत्रिम दुहेरी थरातून पाणी सोडिअमपेक्षा सुमारे अब्जपट सहज जाते. अडथळा आकाराचा नसून विद्युतभाराचा आहे, एवढे त्या मुलीला सांगितले तरी तिच्या प्रश्नाचा गाभा सुटेल.

सूक्ष्मदर्शक:
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु प्रथिनांचा उल्लेख केल्याशिवाय ते अपुरे राहते. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या प्रतिरूपानुसार प्रथिने या द्रवरूप मेदथरात रुतलेली असतात आणि त्यांपैकी अनेक बाजूला सरकूही शकतात. पाण्यासाठी स्वतंत्र मार्गिका आहेत. ॲक्वापोरिन या प्रथिनाची एकच मार्गिका सेकंदाला सुमारे तीन अब्ज पाण्याचे रेणू पार करते. त्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आणि ते रॉडरिक मॅकिनन यांच्यासोबत विभागून होते. मॅकिनन यांनी पोटॅशिअमच्या मार्गिकेची रचना उलगडली. ही मार्गिका आकाराने मोठ्या पोटॅशिअमला सोडते आणि लहान सोडिअमला जवळजवळ पूर्णपणे नाकारते! मार्गिकेच्या अरुंद भागातील ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसलेले आहेत की पोटॅशिअमचे पाण्याचे वेष्टन गळाले तरी त्याला तितकाच आधार मिळतो; सोडिअम त्या जागेत नीट बसत नाही, म्हणून वेष्टन सोडणे त्याला परवडत नाही. माझ्या मते विद्यार्थिनीसाठी याहून सरळ पुरावा नाही.

खाडीकाठची_शिक्षिका:
आपणा दोघांचेही आभार. मग तिवराच्या पानावर मीठ येते कोठून? पटल सोडिअमला अडवत असेल, तर तो पानापर्यंत पोहोचायलाच नको.

कांदळवन_अभ्यासक:
समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतील बहुतांश क्षार दोन्ही झाडे मुळाशीच अडवतात. मुळातील काही थरांच्या पेशीभित्तिकांत सुबेरिन नावाचा मेणकट पदार्थ असल्याने पाण्याला भित्तिकांमधून आडवाटेने जाता येत नाही, पटल ओलांडावेच लागते, आणि खरी निवड तेथे होते. कांदळात हे अडवणे अधिक कडक असते. तिवराच्या रसात तुलनेने जास्त क्षार चढतात आणि पानांवरील क्षारग्रंथी ते बाहेर टाकतात. हे काम आपोआप होत नाही. वनस्पतींच्या पटलातील पंप एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात आणि ते आयन परत आत येताना त्यांच्या मोबदल्यात सोडिअम बाहेर जातो. प्राण्यांमध्ये तीन सोडिअम बाहेर आणि दोन पोटॅशिअम आत नेणारा पंप असतो. तो वनस्पतींत नसतो, हे वर्गात स्पष्ट करावे. उरलेला बराचसा सोडिअम रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील साठवणीच्या पिशवीत, साठवला जातो, म्हणजे प्रद्रव्यातील विकरांना त्याचा त्रास होत नाही.

जीवरसायन_दापोली:
प्रात्यक्षिकासाठी आपल्याकडे सोय उत्तम आहे: बाटलीभर समुद्राचे पाणी पुरे. ऱ्हिओच्या पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल काढून त्या पाण्यात ठेवली की काही मिनिटांत जांभळे प्रद्रव्य पेशीभित्तिकेपासून आकसते. मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा, की भित्तिका आणि पटल यांच्यामध्ये पडलेल्या जागेत काय आहे? तेथे समुद्राचेच पाणी असते, कारण भित्तिका क्षारांना अडवत नाही. नंतर तीच साल साध्या पाण्यात ठेवल्यास पेशी पुन्हा फुगतात. सोबत एक साल आधी उकळून घ्यावी. तिचा रंग उकळतानाच पाण्यात उतरतो आणि समुद्राच्या पाण्यात ती आकसत नाही, कारण उष्णतेने तिचे पटल फाटलेले असते.