मदत हवी आहे: पहिलाच लाकडी गल्ला करतोय, नाण्याची फट आणि उघडणारा तळ कसा करू?

नमस्कार मंडळी,

सुतारकामात मी अगदी नवा आहे. भिंतीवरचं एक शेल्फ आणि एक बुटकं स्टूल, एवढीच आजवरची कमाई. आता भाचीसाठी लाकडी गल्ला करायला घेतोय. तिची अट एकच आहे: पैसे काढायला गल्ला फोडावा लागता कामा नये. माझी त्याला जोडून दुसरी अट अशी, की तो तिला मनात येईल तेव्हा उघडताही येऊ नये. लाकूड फार छान मिळालंय, पण मोजकंच आहे. म्हणून फळ्यांना करवत लावण्याआधी जाणकारांना विचारून घेतो.

लाकूड जुन्या कपाटाचं सागवान आहे. रंधा मारून फळ्या १२ मि.मी. जाडीच्या झाल्या आहेत, एकही वाकडी नाही. गल्ला बाहेरून १४ सें.मी. लांब, १२ सें.मी. रुंद आणि १२ सें.मी. उंच करायचा विचार आहे. आतली जागा काढली तर हजार-अकराशे घन सें.मी. भरते. नाणी आडवीतिडवी पडणार हे धरलं तरी सहा-सातशे सहज मावतील, आणि भरलेल्या गल्ल्यात नाण्यांचंच वजन चार किलोच्या आसपास जाईल. हा आकडा काढल्यावर तळाकडे मी जरा गंभीरपणे बघायला लागलो. नुसता डिंक लावून चिकटवलेला तळ एवढं वजन किती दिवस पेलेल?

हत्यारं साधीच आहेत: हातकरवत, छोटा रंधा, ६ आणि १२ मि.मी.च्या पटाश्या, गुण्या, ड्रिल मशीन, कानशी आणि चार सी-क्लॅम्प. राउटर नाही, टेबल-सॉ नाही. त्यामुळे फळीत लांब सरळ खाच पाडायला सांगणारे बरेचसे आराखडे माझ्या उपयोगाचे नाहीत.

पहिला प्रश्न नाण्याच्या फटीचा. घरातलं सर्वांत मोठं नाणं २७ मि.मी. व्यासाचं भरलं, म्हणून ३२ बाय ४ मि.मी. फट पुरेल असं वाटतं. रद्दी तुकड्यावर प्रयोग केला: ओळीने ४ मि.मी.ची भोकं पाडायची आणि मधलं लाकूड पटाशीने उडवायचं. खाली दुसरा तुकडा दाबून धरला की मागच्या बाजूने ढलप्या निघत नाहीत, एवढं समजलं. पण दोन भोकं जवळ आली की ड्रिलचं पातं सरळ शेजारच्या भोकात घसरतं, आणि फटीच्या कडा नागमोडी राहतात. ४ मि.मी.च्या फटीत माझी कानस शिरत नाही. गल्ल्यावर पहिली नजर जाते ती या फटीवरच, त्यामुळे ती स्वच्छ, धारदार कडांची हवी असं फार वाटतं. यासाठी हातानं करता येण्याजोगी काही वेगळी पद्धत आहे का?

दुसरा प्रश्न कोपऱ्यांचा. ४५ अंशात कापून जोडलेले कोपरे दिसायला सुंदर असतात, पण हातकरवतीने ते जमतील का? की काटकोनात नुसते टेकवून जोडू? फळीच्या डोक्याकडची बाजू (जिथे लाकडाच्या तंतूंची टोकं उघडी पडतात) डिंक पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो, हे वाचलंय. मग मजबुतीसाठी काय करावं? खिळे दिसायला नको आहेत.

तिसरा प्रश्न तळाचा. दोन पर्याय डोक्यात आहेत. एक, तळाला ३५ मि.मी.चं गोल भोक आणि त्यात रबरी बूच. दुसरा, ६ मि.मी. प्लायवूडचा तळ स्क्रूंनी बसवायचा. बूच सोपं आहे, पण ते सहा वर्षांच्या मुलीलाही सोपंच आहे.

झाकणाची वरची फळी मात्र चारही भिंतींवर डिंकाने पक्की चिकटवणार आहे. त्यात काही अडचण येईल का?

आणि पॉलिश कोणतं करावं? हा गल्ला सतत हातात राहणार आहे.

अनुभवी लोकांनी जरूर लिहावं. एखाद्याच मुद्द्यावर उत्तर आलं तरी चालेल.

प्रतिसाद १

फटीपासून सुरुवात करतो, कारण त्यावर एक फार सोपा उपाय आहे. झाकण एका फळीचं करू नका, दोन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडून करा. जोडण्याआधी एका पट्टीच्या कडेवर मधोमध ३२ मि.मी. अंतरावर करवतीचे दोन काप द्या, ४ मि.मी. खोल. त्या दोन कापांच्या मध्ये आणखी चार-पाच काप द्या, म्हणजे मधलं लाकूड तुकड्यातुकड्यांनी पटाशीने अलगद निघतं. आता ही जागा उघडी आहे, त्यामुळे कानसही फिरते आणि लाकडी पट्टीला गुंडाळलेला सँडपेपरही. खाच आरशासारखी साफ झाली की दुसरी पट्टी चिकटवा. फट आपोआप तयार होते आणि कडा करवतीइतक्या सरळ येतात. जोडताना खाचेच्या दोन्ही टोकांपाशी चार-पाच मि.मी. डिंक लावू नका, नाहीतर दाबल्यावर तो फटीत उतरतो. पट्ट्यांच्या लांब कडा एकमेकींना चिकटतात तेव्हा तंतू समांतर असतात. हा सांधा इतका पक्का होतो की पुढे फळी फुटलीच तर सांध्याच्या शेजारून फुटेल.

एक बारीक गोष्ट: फटीच्या आतल्या, म्हणजे खालच्या कडा थोड्या तिरक्या घासा. नाणं तिरपं गेलं तरी अडकत नाही.

झाकण चारही बाजूंनी चिकटवू नका. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आकसतं. सागवान या बाबतीत गुणी लाकूड आहे, तरी १२ सें.मी. रुंदीत मिलिमीटरभर फरक धरून चाला. ती हालचाल चारही भिंतींनी जखडली तर एखाद्या कोरड्या दिवसांत झाकणाला चीर जाते. त्याऐवजी भिंतींच्या आतून, वरच्या कडेला लागून १२ बाय १२ मि.मी.च्या पट्ट्या चिकटवा आणि त्यांतून वरच्या दिशेने झाकणात स्क्रू मारा. पट्टीतलं भोक स्क्रूपेक्षा मिलिमीटरभर मोठं ठेवा, म्हणजे झाकणाला हलायला वाव मिळतो. स्क्रू २० मि.मी.चाच घ्या: १२ पट्टीत, ८ झाकणात. ड्रिलच्या पात्याला खुणेसाठी टेप चिकटवा, झाकणातून आरपार जाणार नाही. आणि झाकण भिंतींच्या बाहेर २-३ मि.मी. येऊ द्या. मग त्याची हालचाल कोणाच्या लक्षातही येत नाही.

तळालाही हेच. प्लायवूड फुगत-आकसत नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे तुमचा ६ मि.मी.चा तळ योग्य आहे. खालच्या कडेपासून साधारण १० मि.मी. वर आतून पट्ट्या लावा, तळ खालून त्यांच्यावर टेकवा आणि चार कोपऱ्यांत स्क्रू. तळ थोडा आत बसल्याने स्क्रूची डोकी टेबल ओरबाडणार नाहीत. इथे सगळं वजन त्या चार स्क्रूंवर लटकतं, म्हणून पट्ट्या भिंतींना चिकटवताना क्लॅम्प लावून नीट वाळू द्या. पितळी स्क्रू सुंदर दिसतात, पण ते मऊ असतात आणि सागवानात फिरवताना मान मोडते. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून काढा, मग पितळी स्क्रूला थोडं मेण किंवा साबण लावून बसवा.

प्रतिसाद २

कोपऱ्यांबद्दल: ४५ अंश पहिल्या कामात नको. अर्ध्या अंशाचा फरकही चौथ्या कोपऱ्यात फट होऊन दिसतो, आणि तिथेही डोक्याकडचीच बाजू चिकटते, म्हणजे ताकदही फार नाही. काटकोनात जोडा आणि डिंक पूर्ण वाळल्यावर बाहेरून प्रत्येक कोपऱ्यात दोन-तीन ६ मि.मी.च्या लाकडी खुंट्या ठोका. भोक २५-३० मि.मी. खोल, खुंटीला डिंक, आणि वर राहिलेलं टोक करवतीने कापून पटाशीने सपाट. खुंट्या वेगळ्या रंगाच्या लाकडाच्या घेतल्या तर तीच नक्षी होते. डोक्याकडच्या बाजूला आधी डिंकाचा एक पातळ हात द्या, दहा मिनिटं मुरू द्या, मग पुन्हा डिंक लावून जोडा. चारही भिंतींचे रेषे आडवे ठेवा, म्हणजे सगळ्या भिंती उंचीत सारख्याच हलतील.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे डिंक कधी कधी धरत नाही. चिकटवायच्या जागेवर अगदी आधी रंध्याचा एक हलका हात मारा किंवा स्पिरिटने पुसून घ्या. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाला क्लॅम्पमध्ये तासभर द्या, पण त्यावर जोर द्यायचं काम २४ तासांनंतरच. बाहेर आलेला डिंक लगेच ओल्या फडक्याने पुसा. राहिला तर तिथे पॉलिश मुरत नाही आणि फिकट डाग कायमचा राहतो. आतल्या बाजू जोडण्याआधीच घासून घ्या, नंतर हात पोचत नाही.

लाकूड जुन्या कपाटाचं आहे म्हणताय, तर रंधा मारताना मोडक्या खिळ्यांचे तुकडे एकदा चुंबकाने शोधून घ्या. सागवानाची धूळ नाकाला झोंबते, मास्क बांधा.

पॉलिशसाठी माझं मत लाखेच्या पॉलिशला. स्पिरिटमध्ये विरघळते, भराभर वाळते, वाळल्यावर हाताळायला सुरक्षित आणि ओरखडा आला तर नुसता एक हात मारून मिटतो. १२०, १८०, २२० नंबरच्या सँडपेपरने या क्रमाने लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच घासा. जवसाचं तेल लावणार असाल तर भिजलेली फडकी कधीही चुरगाळून ठेवू नका. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. सुटी पसरून वाळवा.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार! दोन पट्ट्यांच्या झाकणाची युक्ती रद्दी तुकड्यांवर करून पाहिली. फट इतकी सरळ आली की तो तुकडाच जपून ठेवलाय. झाकणही आता स्क्रूवर घेतो, ती चीर माझ्या ध्यानातच आली नसती. काटकोनी सांधे आणि खुंट्याही ठरल्या.

आता एक नवी मागणी आली आहे. किती नाणी जमली ते भाचीला बाहेरून दिसायला हवं आहे. समोरच्या भिंतीत काच किंवा ॲक्रिलिक बसवलं तर वजनाने निघून येईल का?

प्रतिसाद १

काच नको, ३ मि.मी.चं ॲक्रिलिक घ्या. ते आतून लावायचं म्हणजे नाणी त्याला भिंतीवरच दाबतात, बाहेर ढकलून पाडत नाहीत. भिंतीत गोल खिडकी पाडा, ४०-५० मि.मी.ची, तुमच्या ड्रिलला होल-सॉ (मोठं गोल भोक कापणारी दातेरी वाटी) मिळतो. अर्ध्यापर्यंत एका बाजूने आणि उरलेलं दुसऱ्या बाजूने कापा, कडा फाटणार नाहीत. ॲक्रिलिक खिडकीपेक्षा चारही बाजूंनी १२-१५ मि.मी. मोठं कापा आणि आतून कडेवर बारीक पट्ट्या स्क्रूंनी दाबून बसवा. ॲक्रिलिकलाच स्क्रू मारायचा झाला तर भोक सैल ठेवा, आवळलं की तडा जातो. खिडकी तळापासून थोडी वर घ्या, नाहीतर पहिल्या मूठभर नाण्यांतच ती भरल्यासारखी दिसेल. आणि ॲक्रिलिकवरचा संरक्षक कागद पॉलिश पूर्ण वाळेपर्यंत काढू नका, स्पिरिट लागलं तर ते धुरकट होतं आणि बारीक चिरा पडतात.