मदत हवी आहे: मुंबई ते न्यूअर्क, आईचं इन्सुलिन आणि साडेनऊ तासांचा फरक

नमस्कार मंडळी,

आई (वय ७२) ऑगस्टमध्ये धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला निघाली आहे. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीने. एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि रोज रात्री १० वाजता दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन घेते.

मुंबईहून थेट विमान रात्री २ वाजता निघून सकाळी ८ ला न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला उतरतं. आई म्हणते, "सहाच तास की! महालक्ष्मी एक्स्प्रेसला याहून जास्त लागतात." पण तिकडचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, म्हणजे प्रत्यक्षात साडेपंधरा तास बसून. शिवाय कोल्हापूर ते मुंबई हा रस्ता आधीच झालेला.

अंतर सुमारे १२,५०० किमी. लंडनमार्गे गेलं तर जेमतेम दोनेकशे किमी वाढतात, हे बघून आश्चर्य वाटलं. नकाशावर वाकडी दिसणारी वाट पृथ्वीच्या गोलावर जवळपास सरळच आहे. वेळ जातो तो मधल्या थांब्यात. तीन-चार तास धरले तर एकूण २१-२२ तास. दुबईमार्गे मात्र पहिला टप्पा तीन-सव्वातीन तासांचा आणि पुढे पुन्हा चौदा तास, मग गुडघ्याला आराम कुठला? म्हणून दुबई मी बाद केलं.

खरी काळजी इन्सुलिनची. निघण्याआधी रात्री १० ला घेतलं आणि पुढचं न्यू जर्सीच्या रात्री १० ला, तर मध्ये साडेतेहतीस तास जातात! भारतीय वेळ पाळली तर तिथे दुपारचे साडेबारा. परतीला उलटं: नोव्हेंबरच्या मध्यावर येणार, तोवर त्यांची घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे जाऊन फरक साडेदहा तासांचा झालेला. तेव्हा दोन डोसांत साडेतेराच तास. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण तुमच्या आईवडिलांनी हे प्रत्यक्षात कसं निभावलं? आणि थेट विमान बरं की लंडनचा थांबा?

प्रतिसाद:
ताई, माझ्या सासूबाईंसाठी आम्ही थेटच घेतलं. एकट्या माणसाला अनोळखी विमानतळावर दुसरं विमान शोधायचा ताण नको. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, सीट मधल्या वाटेच्या कडेची घ्या, दर दोन तासांनी उठून चालायला सांगा. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात गोठून वाया जाऊ शकतं. प्रिस्क्रिप्शन सोबत हवंच. डॉक्टरांनी आम्हाला दोन्ही देशांच्या वेळा लिहून तक्ता दिला होता, तसाच मागून घ्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार! शुक्रवारी डॉक्टरांकडे जातेय, दोन्ही बाजूंच्या प्रवासाचा तक्ता एकदमच करून घेते. थेट विमानाचंच तिकीट बघते. पण साडेपंधरा तासांत जेवण नेमकं किती वेळा आणि किती अंतराने देतात? ते कळलं तर तिच्यासाठी दशम्या आणि फुटाणे किती बांधायचे ते ठरवता येईल.