अँटिबॉडीनेच आजार, मग औषधही अँटिबॉडीच? (आईचा मायस्थेनिया, इंदूर)

लोकमान्यनगरचा_भिया

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. डॉक्टरांकडे सात मिनिटं मिळाली आणि त्यातली चार आईने मॅडमचं माहेर कुठलं हे विचारण्यात घालवली.

आई 68 वर्षांची. गेल्या वर्षी सानंदच्या नाटकाला मध्यंतरानंतर ती एका डोळ्यावर हात धरून बसली. "प्रत्येक नट दोनदा दिसतोय," म्हणाली. आम्ही हसलो. मग चष्मा बदलला, मग मोतीबिंदूची चर्चा झाली. पुढे अर्धी पोळी खाऊन होते तोवर जबडा थकायला लागला, तर ती कुणाला न सांगता पोळी वरणात कुस्करून खाऊ लागली. संध्याकाळ झाली की डावी पापणी खाली. शेवटी न्यूरोच्या मॅडमनी पापणीवर दोन मिनिटं बर्फ धरला आणि पापणी वर गेली! रक्तात ॲसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडी निघाल्या. म्हणजे मायस्थेनिया ग्रॅव्हिस, वापरले की स्नायू थकतात तो आजार.

पायरिडोस्टिग्मीन (स्नायूंना तात्पुरतं बळ देणारी गोळी) चालू आहे. स्टिरॉइडने गुण आला, पण साखर 280 वर गेली. म्हणून मॅडम आता रिटुक्सिमॅब म्हणतायत. उठता उठता "बाहेर एफगार्टिजिमॉडही निघालंय" असं म्हणाल्या. दोन्ही अँटिबॉडीच्याच घराण्यातली. मग अँटिबॉडीने केलेल्या आजारावर वरून आणखी अँटिबॉडी ओतायची? मला तर हे आगीत तेल वाटतंय.

खंडवारोड_बायोटेक

दादा, मी देवी अहिल्या विद्यापीठातून बायोटेक केलं, आता वडोदऱ्याला बायोलॉजिक्सच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे. डॉक्टर नाही. आईंचा निर्णय मॅडमच घेतील, मी फक्त यंत्रणा सांगतो.

आपल्या इंदूरचा रात्रीचा सराफा, दुकानांच्या ओट्यांवरची खाऊगल्ली, डोळ्यांसमोर आणा. दुकानाचा ओटा म्हणजे स्नायूवरचा रिसेप्टर. मज्जातंतूकडून ॲसिटिलकोलीन येतं, ओट्यावर बसतं, स्नायू हलतो. आईंच्या अँटिबॉडी तो ओटा अडवतात, शिवाय उखडून आत ओढून नेतात, आणि वर कॉम्प्लिमेंट नावाची तोडफोड करणारी टोळी बोलावतात. सकाळी थोडे ओटे शिल्लक असतात म्हणून बरं चालतं, वापरून वापरून संध्याकाळी दम संपतो.

अँटिबॉडी ही जात एक, पण प्रत्येकीचं लक्ष्य वेगळं. रिटुक्सिमॅब स्नायूकडे फिरकतच नाही. ते सीडी-20 हा शिक्का असलेल्या बी पेशींना धरतं, म्हणजे ज्यांच्यातून पुढे अँटिबॉडीचे कारखाने तयार होतात त्यांना. मेख अशी की पक्के कारखाने, प्लाझ्मा पेशी, यांच्यावर तो शिक्का नसतो. ते चालूच राहतात. म्हणून गुण यायला आठवडे-महिने लागतात. पहिल्या डोसनंतर पंधरा दिवसांत "काहीच फरक नाही" म्हणून हातपाय गाळू नका.

एफगार्टिजिमॉडची युक्ती मला फार आवडते. अख्खी अँटिबॉडी नाहीच ती, नुसतं शेपूट. आपल्या शरीरात एफसीआरएन नावाचा रिसेप्टर आहे. तो मोडीत निघालेल्या आयजीजी अँटिबॉडी उचलून परत रक्तात सोडतो, म्हणून त्या सुमारे तीन आठवडे टिकतात. हे शेपूट त्या रिसेप्टरला चिकटून बसतं आणि बाकीच्या आयजीजी मोडीतच जातात. वाईटांबरोबर चांगल्याही जातात, म्हणून संसर्गावर लक्ष ठेवावं लागतं. औषध थांबलं की पातळी परत चढते. म्हणून आठवड्याला एक असे चार डोस, मग लक्षणं परतली की पुढची फेरी. अमेरिकेत डिसेंबर 2021 मध्ये मंजुरी मिळाली. तिथली किंमत वर्षाला लाखांत, तीही डॉलरमध्ये.

रिटुक्सिमॅबचं तसं नाही. 1997 मध्ये लिम्फोमासाठी आलं आणि 2007 पासून भारतीय बनावटीचंही मिळतं.

पण एक गोष्ट मॅडमना जरूर विचारा. ज्यांच्या अँटिबॉडी मस्क नावाच्या स्नायूवरच्या दुसऱ्याच प्रथिनाविरुद्ध असतात, त्या रुग्णांत रिटुक्सिमॅब छान चालतं. आईंच्या प्रकारात चित्र तितकं स्वच्छ नाही. स्वीडनमध्ये आजार नवा असलेल्या 47 जणांत 500 मिलिग्रॅमच्या एकाच डोसचा फायदा दिसला, अमेरिकेतल्या 52 जणांच्या चाचणीत तो दिसला नाही. आईंचा आजार नवा आहे, हे त्यांच्या बाजूचं.

निसर्गोपचार_काका

हे सगळं केमिकल सोडा. गुळवेल सुरू करा, प्रतिकारशक्ती वाढेल.

खंडवारोड_बायोटेक

काका, इथे प्रतिकारशक्तीच वाट चुकलीय. ती वाढवून कसं चालेल?

ग्वाल्हेर_सिस्टर

मी वॉर्डात हे इंजेक्शन देते, म्हणून दोन कामाच्या गोष्टी. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी झालीच पाहिजे, दबलेला विषाणू उसळू शकतो. लसींचंही आधीच विचारा. आणि आईंच्या फाइलवर मोठ्या अक्षरात "मायस्थेनिया" लिहून ठेवा. लघवीला जळजळ झाली आणि कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं, तर अशक्तपणा एकदम वाढू शकतो. दुकानातून स्वतः आणायची तर अजिबात नाही. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर सकाळची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत.

सुदामानगरची_मावशी

बाळा, मला संधिवातासाठी दोनदा दिलंय. आधी पॅरासिटामॉल, ॲलर्जीचं इंजेक्शन, मग अगदी थेंब थेंब. पहिल्यांदा अख्खा दिवस गेला, थंडी वाजून आली, तर सिस्टरने वेग कमी केला. शाल न्यायची. डबा न्यायचा, तिथल्या कँटीनचे पोहे इंदूरचे म्हणवत नाहीत.

लोकमान्यनगरचा_भिया

सगळ्यांचे आभार. ओट्याचं आईला सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "मग ओटे परत बांधून होतात का?" बायोटेक दादा, उत्तर द्या. आणि ती थंडी कशाने वाजते?

खंडवारोड_बायोटेक

होतात. हल्ला थांबला की स्नायू नवे रिसेप्टर बनवतो. थंडीचं म्हणाल तर बी पेशी एकदम फुटतात, त्यांच्यातलं सगळं रक्तात येतं. शिवाय रिटुक्सिमॅबचा थोडा भाग उंदराचा, बाकी माणसाचा. नावातलं "क्सि" म्हणजे तेच, मिश्र वंश. शरीराला परकं वाटू शकतं.

लोकमान्यनगरचा_भिया

उंदराचं ऐकून आई म्हणाली, "गणपतीचंच वाहन ते, चालेल." हिपॅटायटिसचं रक्त आज दिलं. बुधवारी मॅडमकडे जातोय, 47 आणि 52 हाताच्या तळव्यावर लिहून. यावेळी माहेरचा विषय निघाला तर आईला बाहेर बसवीन.