मदत हवी आहे: पाण्यातल्या ट्रिटियमची मोजणी स्थिर राहत नाही

अणुभट्टीजवळच्या विहिरींच्या पाण्यात ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) किती ते तपासायचे आहे. गायगर काउंटर काहीच दाखवत नाही. लिक्विड सिंटिलेशन काउंटरवर (द्रवात उमटणारा उजेड टिपणाऱ्या यंत्रावर) मोजणी आधी भरपूर येते, मग तासातासाला उतरते. अर्धायुष्य १२.३ वर्षे, म्हणजे हा क्षय नव्हे. पाणी थेट कॉकटेलमध्ये (बीटा कणांनी उजळणाऱ्या द्रवात) मिसळले आहे. चुकते कुठे? आणि ज्याचे बीटा कण कातडीसुद्धा ओलांडत नाहीत, त्यावर एवढी नजर कशाला?

प्रतिसाद १
गायगर बाजूलाच ठेवा. या बीटा कणांची ऊर्जा जास्तीत जास्त १८.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, हवेत ते ६ मिलिमीटरच्या आसपास संपतात. काउंटरच्या खिडकीतून आत शिरतच नाहीत.

उतरणारी मोजणी बहुधा केमिल्युमिनेसन्सची. पाण्यातली अशुद्धी कॉकटेलशी अभिक्रिया करते आणि त्याचा उजेड मोजला जातो. व्हायलवर (नमुन्याच्या कुपीवर) पडलेला दिव्याचा प्रकाशही तेच करतो. व्हायल रात्रभर अंधारात ठेवा, पण खरा उपाय ऊर्ध्वपातन. १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि ०.१ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट घाला. पहिले १० मिलिलिटर टाकून द्या, पुढचे ५० घ्या, कोरडे पडेपर्यंत उकळू नका. रंग आणि सेंद्रिय द्रव्ये गेली की क्वेंचिंगही (कॉकटेलचा उजेड दबणे) घटते. ब्लँकसाठी (जवळपास ट्रिटियम नसलेल्या, तुलनेच्या नमुन्यासाठी) जुने, खोल भूजल घ्या आणि तेही असेच ऊर्ध्वपातित करा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

प्रतिसाद २
बाहेरून धोका जवळपास नाही, खरा प्रश्न पोटात जाण्याचा आहे. ट्रिटियमयुक्त पाणी पिण्यातून, श्वासातून, त्वचेतूनही आत जाते आणि शरीरभर पसरते. साधारण १० दिवसांत निम्मे बाहेर पडते, भरपूर पाणी प्यायल्यास आणखी लवकर. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी लिटरला १०,००० बेकरेल (१ बेकरेल म्हणजे सेकंदाला एक क्षय) आहे. असे पाणी रोज २ लिटर वर्षभर प्यायले तरी किरणोत्सर्गाची मात्रा ०.१३ मिलिसीव्हर्टच्या घरात येते. युरोपीय संघाचा १०० बेकरेलचा आकडा धोक्याची रेषा नाही, तिथून पुढे चौकशी करा असा इशारा आहे.

नजर ठेवायचे मोठे कारण वेगळेच. अणुभट्टीतलेच दुसरे किरणोत्सारी द्रव्य, सीझियम, मातीला चिकटते, ट्रिटियम पाण्याबरोबरच वाहते. म्हणून गळती असेल तर विहिरीत बहुधा तेच आधी दिसते. साध्या गाळणीने किंवा आयन-विनिमयाने ते निघतही नाही, कारण ते पाण्याच्या रेणूतच असते.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. नमुन्यात आम्ल घालायचे का?

प्रतिसाद १
नको. बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करा, हवेतल्या ओलाव्याशी ट्रिटियमची अदलाबदल होते. आणि ट्रिटियमच्या चमकत्या नळ्यांचे घड्याळ प्रयोगशाळेत आणू देऊ नका: त्यातून झिरपणारे ट्रिटियम कमी पातळीचा नमुना बिघडवू शकते.