पद्मिनीचा स्पीडोमीटर ४० वर अडकलाय, काटा न मोडता कसा काढू?

बाबांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी गाडी आहे. इंजिन अजून पहिल्या सेल्फला उठतं, मीटरनी मात्र मान टाकलीय.

आधी स्पीडोमीटरचा काटा ३० ते ५० मध्ये नाचायचा. केबल कोरडी पडलीय, असं सगळ्यांनी सांगितलं आणि ते खरंही होतं. पण केबल काढून ग्रीस लावायचा मला कंटाळा. मी मीटरच्या मागच्या भोकातच गंज सोडवायचा स्प्रे मारला. दोन दिवस काटा मस्त चालला, मग ४० वर जो बसला तो बसलाच. सिग्नलला उभा असतो तरी ४०! मुलगी म्हणते, बाबा, चलान येईल.

मीटर उघडलं. केबलने फिरणारा चुंबक, त्याला न टेकता बसलेली, काटा फिरवणारी ॲल्युमिनियमची वाटी आणि वाटीला मागे ओढणारी केसाएवढी स्प्रिंग. चुंबक आणि वाटीच्या फटीत तेल चिकट होऊन बसलंय. नीट साफ करायचं तर डायल काढावी लागेल, म्हणजे आधी काटा. तो प्लॅस्टिकचा, ऊन खाऊन पापड झालेला. एक मेकॅनिक पकडीनेच ओढायला निघाला होता, मी हात धरला. (किलोमीटरचे आकडे थिनरने पुसायचा पराक्रम माझाच. अर्धा ७ गेला.)

पेट्रोलचा काटाही मेलाय, पण टाकीजवळची वायर क्षणभर बॉडीला टेकवली की हलतो. म्हणजे दोष टाकीतल्या फ्लोटचा, ते बघून घेईन.

कोणी असा काटा काढलाय का? दुसरं मीटर टाका, असं कृपया सांगू नका.

प्रतिसाद: काटा लगेच उपटू नका. आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा एखादा थेंब फटीत सोडा आणि टिपकागदाची बारीक पट्टी फिरवून तेल ओढून घ्या. दोन-तीनदा करा. काटा मोकळा झाला की शून्यावर त्याला अडवणाऱ्या खिळीवरून अलगद पलीकडे सोडा. आपणहून थांबेल तिथे पेन्सिलची खूण करा, परत बसवताना तीच जागा. काढायचाच झाला तर डायलवर कागद ठेवून दोन बाजूंनी दोन चहाचे चमचे घाला आणि सारखं उचला. एकाच बाजूने जोर दिला की आतली दांडी वाकते. स्प्रिंगला हात लावला नाहीत ना? तिचा ताण बदलला तर वेग कायम चुकीचा दाखवेल.

धागाकर्ता: नाही लावला, नशीब! रविवारी करतो. चमचे बायकोला न विचारता घ्यावे लागतील.