पीजे (पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे) बंद पडली त्यावरून पाचोऱ्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

सुरेखाताई बी-४: नमस्कार सगळ्यांना. आज परत पोरगी जामनेरहून रात्री साडेआठला घरी आली. काळीपिवळीत मागच्या सीटवर कोंबून बसवलं आणि वरून कोणाचं तरी पोतं मांडीवर. कॉलेजला होती तेव्हा हीच पोर पीजेत खिडकीजवळ बसून वही काढून अभ्यास करत यायची. मार्च २०२० ला लॉकडाऊनमध्ये गाडी बंद केली ती केलीच. ब्रॉडगेज (मोठी लाईन) होईल तेव्हा होईल, तोवर जुनी चालवायला काय हरकत होती??

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय टाका. टाकी सफाई रविवारी आहे, पाणी भरून ठेवा.

सुरेखाताई बी-४: मागच्या आठवड्यात दोन दिवस केळीच्या भावावर चर्चा झाली तेव्हा हा नियम कुठे होता साहेब?

चौधरी अण्णा: 😂😂 बोला आता

पाटील सर: ताईंचा विषय सोसायटीचाच आहे, निम्म्या घरांचं जामनेर-शेंदुर्णीला येणंजाणं आहे. नवीन पोरांसाठी सांगतो, पाचोरा-जामनेर लाईन १९१८-१९ ची. रुळांमधलं अंतर अडीच फूट, आणि शेजारून जाणारी मेन लाईन साडेपाच फुटी. एकूण ५६ किमी. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर, भागदरा आणि मग जामनेर. इकडचा कापूस पाचोऱ्याला आणून मोठ्या गाडीत चढवायचा आणि मुंबईला पाठवायचा, म्हणून इंग्रजांच्या काळात कंपनीने टाकलेली. विदर्भातली शकुंतला ही छोटी गाडी ज्या कंपनीची, तीच ही कंपनी.

भूषण ए-१: सर इतिहास मान्य आहे पण ५६ किमीला दोन तास कोणाला परवडतात आज? ब्रॉडगेज मंजूर आहे, पुढे बोदवडपर्यंत धरून एकूण ८४ किमी, ९५५ कोटीचं काम. बोदवडला नागपूर लाईन मिळते म्हणजे जामनेर दोन्हीकडून जोडलं जाईल. जुन्या डब्यात जीव अडकवून काय उपयोग

सुरेखाताई बी-४: ब्रॉडगेजला माझा विरोध नाहीच भूषण. तोवर जुनी चालवायला काय हरकत होती एवढंच विचारतेय.

चौधरी अण्णा: दोन तास लागायचे त्याचं कोणाले काही वाटत नव्हतं भो. वरखेडीले दुधाचे कॅन चढायचे, शेंदुर्णीले भाजीवाल्या बाया टोपल्या घेऊन, वांग्यांवर ओलं फडकं टाकेल राहायचं. आमच्या बापाने तर वाफेचं इंजिन पाह्यलं, कोळशाचे कण डोळ्यात जायचे म्हणे

मनीषावहिनी सी-२: वांग्यांचा विषय निघाला म्हणून, या शनिवारी गच्चीवर भरीत पार्टी होती ना? काड्या कोण आणतंय?

चौधरी अण्णा: काड्या मी आणतो, कपाशीच्याच. तेल तुमचं 😀

भूषण ए-१: कळण्याच्या पुऱ्या ठेवा

सुरेखाताई बी-४: भरीत करा खुशाल. माझी पोर उद्या पण त्याच काळीपिवळीत जाणार आहे.

मनीषावहिनी सी-२: ताई राग मानू नका हो. आमच्या सासूबाई तर लग्न होऊन पीजेनेच पाचोऱ्याला आल्या, सगळं वऱ्हाड एका डब्यात. कार्तिकात त्रिविक्रमाच्या रथाला शेंदुर्णीला जायचो तेव्हा डब्यात पाय ठेवायला जागा नसायची.

नाना डी-३: सगळे रेल्वे रेल्वे करून राहिले. मोठ्या लाईनला जमीन लागते हे कोणी बोलत नाही. कपाशीच्या शेतातून मधोमध रूळ गेले की विहीर एका बाजूला राहते आणि शेत दुसऱ्या बाजूला, मग पाईप कुठून न्यायचा? शहरात बसून ९५५ कोटी म्हणायला सोपं आहे

भूषण ए-१: नाना मोबदला मिळतोच ना

नाना डी-३: तुझी दीड गुंठा तरी आहे का?

पाटील सर: नाना, भूषण, कृपया. नानांचं म्हणणं चूक नाही, पाईपला आणि बैलगाडीला रुळाखालून वाट हवी हे आपण पत्रातच टाकू.

सेक्रेटरी: कोणतं पत्र? सोसायटीच्या लेटरहेडवर राजकारण नको. रविवारी टाकी सफाई, मोटर बंद राहील.

मनीषावहिनी सी-२: आणखी एक, ए विंगमधली पोरं रुळावर जाऊन रील काढतात. आज जुन्या लाईनवर, उद्या मेन लाईनवर जातील. आवरा जरा.

भूषण ए-१: ए विंगचंच नाव का घेता वहिनी, सी विंगची पण असतात

पाटील सर: विंग कोणतीही असो, हा वादाचा विषय नाही. २२ जानेवारी २०२५ ला परधाड्याजवळ काय झालं आठवा. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा, साखळी ओढली, माणसं खाली उतरली आणि दुसऱ्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. आपल्या दारात झालंय हे. मेन लाईनच्या गाडीला थांबायला किती अंतर लागतं ते पोरांना समोर बसवून सांगा.

चौधरी अण्णा: बरोबर सर 🙏

भूषण ए-१: माझ्या पोराला मी आजच सांगतो.

सुरेखाताई बी-४: पत्र मी लिहिते, लेटरहेड नको, साध्या कागदावर सगळ्यांच्या सह्या. ब्रॉडगेजचं काम कोणत्या टप्प्यात आहे ते गावात लेखी लावा, आणि रूळ सुरू होईपर्यंत सकाळी एक, संध्याकाळी एक जास्तीची एसटी द्या, पास चालेल अशी. जुनी गाडी तोवर चालवायला काय हरकत होती हे पण लिहिणारच आहे मी.

नाना डी-३: शेताच्या वाटेचा मुद्दा पहिला टाका, मग सही करतो. शेवटी ढकलू नका.

सुरेखाताई बी-४: दुसरा टाकते नाना. पहिला पोरींच्या येण्याजाण्याचा.

नाना डी-३: बरं. दुसरा चालेल.

मनीषावहिनी सी-२: शनिवारी गच्चीवर सगळे आहेतच, कागद तिथेच आणा ताई. पेन पण.