स्वतःच्या गेम एंजिनमध्ये मराठी टेक्स्ट टाकतोय, 'किल्ली'ची 'कलि्ली' झालीय

पाटीवरचा_खडू

नमस्कार मंडळी. मी आणि रूममेट मिळून दीड वर्षापासून एक छोटं टूडी एंजिन लिहितोय, सी प्लस प्लस आणि एसडीएल २ (खिडकी, ग्राफिक्सची लायब्ररी) वर, फॉन्टमधून अक्षरांची चित्रं काढायला एसटीबी ट्रूटाइप. गेम साधाच आहे, कोकणातला एक बंद वाडा, आत किल्ली शोधायची, माणसं भेटतात आणि बडबडतात, संवाद भरपूर. इंग्लिशमध्ये सगळं मस्त चाललं होतं, मग सुट्टीत आजीला दाखवला तर ती म्हणाली मला वाचता येईल असं कर की, म्हणून संवाद मराठीत टाकले आणि तिथून जी वाट लागलीय ती अजून लागतेच आहे.

आधी डायरेक्ट क्रॅश. डीबग बिल्ड पहिल्याच अक्षराला झोपायचा, रिलीज बिल्ड कधी झोपायचा तर कधी भलतंच काहीतरी रंगवायचा. मग शोधून शोधून यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) डीकोड करणारं फंक्शन लिहिलं, अ‍ॅटलसमध्ये (अक्षरांची चित्रं भरून ठेवायचं टेक्स्चर) आधी ३२ ते १२६ (इंग्लिशची) एवढीच अक्षरं बेक करत होतो, त्यात ०९०० ते ०९७एफ (देवनागरी) पण घातली. क्रॅश गेला, अक्षरं दिसायला लागली, पण "किल्ली" लिहिलं की आधी नुसता क, मग वेलांटी जाऊन बसते पुढच्या ल वर, त्या ल चा पाय मोडलेला, आणि मग ली. "आर्या"चा रफार गायब, र पाय मोडून लंगडत उभा. "वाड्याची" पण तसंच.

शिवाय नाव टाइप करायच्या खिडकीत बॅकस्पेस एकदा दाबला की शेवटी काळा चौकट येतो, तीनदा दाबला की अक्षर जातं. आणि संवाद टाइपरायटरसारखा एकेक अक्षर करून येतो ना, तिथे तर नुसता लखलखाट.

रूममेटचं म्हणणं जोडाक्षरांचं टेबल हाताने बनवू, ३६ व्यंजनं गुणिले ३६ म्हणजे १२९६ जोड्या, एका वीकेंडचं काम. मला काहीतरी चुकतंय असं वाटतंय पण काय ते सांगता येत नाहीये.

गोडोवाला_गणू

गोडो ४ (तयार गेम एंजिन) घे आणि मोकळा हो. ३ मध्ये हेच रडगाणं होतं, वेलांटी चुकीच्या जागी, २०२३ च्या मार्चमध्ये ४.० आलं त्यात टेक्स्टचा सगळा भाग नव्याने लिहिला, आत हार्फबझ (अक्षरं जोडून आकार ठरवणारी लायब्ररी) आणि आयसीयू (युनिकोडची लायब्ररी) आहे, मराठी पेस्ट कर आणि चालू. स्वतःचं एंजिन लिहिणं म्हणजे चहासाठी म्हैस पाळणं.

पाटीवरचा_खडू

म्हैस पाळून दीड वर्ष झालं हो दादा, आता विकवत नाही. आणि कॉलेजचा प्रोजेक्ट म्हणून एंजिनच दाखवायचंय, गेम नंतर.

पायमोडका

रूममेटला तो वीकेंड झोपायला सांग. टेबल नको. आधी त्याला "कार्त्स्न्य" लिहायला लाव, र त स न य अशी पाच व्यंजनं एका जोडाक्षरात आहेत, १२९६ जोड्यांत हे कुठे बसवणार? वर वेलांटी, रफारावर अनुस्वार हे सगळं वेगळंच.

आधी तुझा क्रॅश, कारण तो गेला असं तुला वाटतंय पण त्याचे भाऊबंद कोडमध्ये असणारच. यूटीएफ-८ मध्ये "क" म्हणजे तीन बाइट, ई० ए४ ९५. पहिली बाइट ई० म्हणजे २२४, पण तुझ्या पीसीवर कॅर टाइप साइन्ड (उणे आकडेही धरणारा) असतो म्हणून ती वाचली जाते उणे ३२. तू बहुतेक ग्लिफच्या (फॉन्टातल्या अक्षरचित्रांच्या) अ‍ॅरेत "सी वजा ३२" असा इंडेक्स काढत असणार, म्हणजे उणे ६४. अ‍ॅरेच्या चौसष्ट घरं मागे जे काय पडलंय ते तू रंगवत होतास, म्हणून रिलीजमध्ये भलतंच दिसायचं. आता पूर्ण कोडमध्ये शोध घे, इझ-अल्फा, टू-अपर, इझ-स्पेस जिथे जिथे नुसता कॅर जातोय तिथे हेच होणार, व्हिज्युअल स्टुडिओचा डीबग बिल्ड तर तिथे असर्ट मारून थांबतो. आणि हाच कोड रास्पबेरी पायवर चालवलास तर क्रॅशची तऱ्हा बदलेल, कारण तिथे कॅर अनसाइन्ड असतो. "माझ्या मशीनवर चालतंय" इथे अजिबात ऐकून घेऊ नकोस.

आता मुद्दा. "किल्ली" मेमरीत कशी असते बघ: क, वेलांटी, ल, पायमोड, ल, दीर्घ वेलांटी. सहा कोडपॉइंट (युनिकोडमधले नंबर), १८ बाइट. डोळ्याला दिसतात दोनच अक्षरं, कि आणि ल्ली. युनिकोड उच्चाराच्या क्रमाने साठवतं, आधी क म्हणतो मग इ, म्हणून वेलांटी क च्या नंतर असते, ती काढताना आधी काढायची ही जबाबदारी काढणाऱ्याची. आणि फॉन्टात ल्ल साठी किंवा ड्य साठी जे आकार असतात त्यांना कोडपॉइंटच नसतो, फक्त फॉन्टातला ग्लिफ नंबर असतो. म्हणजे ०९०० ते ०९७एफ ची १२८ घरं तू कितीही छान बेक केलीस तरी त्यात ते आकार येणारच नाहीत. तुला "काहीतरी चुकतंय" वाटतंय ते हे आहे, तुझ्या एंजिनला वाटतं एक कॅरेक्टर म्हणजे एक चित्र, आणि तुझे सगळे बग त्या एका समजुतीची पोरं आहेत.

यासाठी शेपर लागतो, म्हणजे हार्फबझ. त्याला फॉन्ट दे, टेक्स्ट दे, स्क्रिप्ट देवनागरी आणि भाषा एमआर (मराठीचा कोड) सांग, तो ग्लिफ नंबरांची यादी देतो आणि प्रत्येकाबरोबर चार आकडे: आडवं उभं किती पुढे सरकायचं आणि आडवं उभं किती हलवून काढायचं. एसटीबी फेकून द्यायची गरज नाही, त्यात ग्लिफ नंबरावरून बिटमॅप काढायची फंक्शन्स आहेतच. फक्त अ‍ॅटलसची की बदल, कोडपॉइंट नको, फॉन्ट आणि साइझ आणि ग्लिफ नंबर. सगळं आधीच बेक करू नकोस, लागेल तसं भर. ५१२ बाय ५१२ च्या टेक्स्चरमध्ये ३२ पिक्सेलची २५६ घरं बसतात, देवनागरी फॉन्टात आकार त्याहून कितीतरी जास्त असतात, पण एका गेमला लागतात थोडेच.

बॅकस्पेसचं सोपं आहे. तू पॉप-बॅक करतोयस म्हणजे एक बाइट काढतोयस. मागे मागे जात रहा, ज्या बाइटचे वरचे दोन बिट १ आणि ० आहेत ती मधली बाइट, ती पण काढ, जी तशी नाही ती काढून थांब. बॅकस्पेसला एक कोडपॉइंट जाणं हेच लोकांना सवयीचं आहे, ल्ली वर दाबलं की आधी वेलांटी जाते. बाणाने कर्सर हलवताना मात्र अख्ख्या अक्षरावरून उडी मारायची.

टाइपरायटरसाठी वाक्याचे तुकडे शेपरला देऊ नकोस. पूर्ण वाक्य एकदाच शेप कर. प्रत्येक ग्लिफबरोबर क्लस्टर नावाचा आकडा येतो, तो मूळ स्ट्रिंगमधली बाइटची जागा सांगतो, त्या क्लस्टरप्रमाणे दाखवत जा. आत्ता तू स, मग स्, मग स्त, मग स्ते असं दर वेळी नव्याने काढतोयस, अक्षर प्रत्येक पायरीला आकार बदलतं, तोच तुझा लखलखाट.

पाटीवरचा_खडू

दादा, उणे ६४ एकदम बरोबर, कोड उघडून बघितला, अगदी "सी वजा ३२" च होतं. टू-अपर पण सापडला, बटणांची लेबलं कॅपिटल करायला कुणीतरी (मीच) टाकलेला.

तीन रात्री घालवून हार्फबझ बसवलं. पहिल्यांदा चालवलं तर स्क्रीनवर फक्त "कि", बाकी वाक्य गायब. बराच वेळ वाटलं शेपिंगच होत नाहीये, मग प्रिंट करून बघितलं तर पुढचं अक्षर आठशे पिक्सेल लांब, त्यापुढचं पार खिडकीबाहेर. स्केल सेटच केलं नव्हतं, फॉन्टाच्या युनिटमध्ये आकडे येत होते आणि आमच्या फॉन्टात एम (फॉन्टाच्या मापाचा चौकोन) म्हणजे १००० युनिट. ते केल्यावर "किल्ली" बरोबर!!! रूममेटने त्याचं टेबल डिलीट केलं, २११ जोड्या भरून झाल्या होत्या त्याच्या.

पण आता नवीन गोष्टी. एक, अनुस्वार अक्षराच्या पोटात येतोय. दोन, शिरोरेषा सलग नाही, प्रत्येक अक्षरामध्ये बारीक फट, चाळणीतून बघितल्यासारखं. तीन, संवादाच्या खिडकीत वरची ओळ आली की मात्रा आणि रफार कापले जातात. चार, गेम अर्धा तास चालू ठेवला की मेमरी चढतच जाते, आधी असं होत नव्हतं.

पायमोडका

एक: हार्फबझमध्ये वाय वरच्या दिशेला वाढतो, तुझ्या स्क्रीनवर खाली. उभा ऑफसेट वजा कर.

चार: दर फ्रेमला नवीन बफर (हार्फबझला टेक्स्ट द्यायचा डबा) बनवून सोडून देतोयस का? सेकंदाला ६० बफर, आणि तुझा डिस्ट्रॉय कुठेच नसणार. एकच बफर ठेव, आतला माल काढून पुन्हा वापर. खरं तर दर फ्रेमला शेप करूच नको, वाक्य बदललं तरच कर आणि निकाल जपून ठेव.

तीन: ओळीची उंची इंग्लिश कॅपिटल अक्षरावरून काढली असणार. फॉन्टाचे अ‍ॅसेंट, डिसेंट आणि लाइन गॅप (वरची उंची, खालची खोली, ओळींमधली जागा) घे. "र्कीं" आणि "द्धू" एकाखाली एक टाकून तपास, वरचं आणि खालचं दोन्ही टोकं कळतील.

दोनसाठी कोड टाक, इथे बसून सांगता येणार नाही.

खिळा_जुळवणारी

मी प्रोग्रामर नाही, वीस वर्षं डीटीपी केलंय, पण फट म्हटल्यावर राहवलं नाही. शिरोरेषा तुटते तेव्हा नव्वद टक्के वेळा अक्षर एका मापाचं आणि जागा दुसऱ्या मापाची असते. आमच्याकडे कुणी अक्षर थोडं बारीक केलं आणि अंतर तसंच ठेवलं की असंच व्हायचं. तुझ्याकडे माप दोन ठिकाणी दिलंय का बघ.

आणि दुसरं, स्क्रीनशॉटमध्ये तुझा ल आणि श हिंदी वळणाचा आहे. वाचता येतं, पण आजीला शाळेच्या पुस्तकातला हवा असेल तर तो नव्हे. चांगल्या फॉन्टात दोन्ही रूपं असतात, भाषा मराठी सांगितली की मराठी रूप येतं. वर दादांनी एमआर सांगायला सांगितलंय ते तू विसरलास वाटतं.

तिसरं, "आचाऱ्यांना" आणि "आचार्यांना" दोन्ही लिहून बघ. पहिले स्वयंपाक करतात, दुसरे शिकवतात. तुझ्या वाड्यात दऱ्याखोऱ्या, पायऱ्या असणारच, तिथे "पायर्या" छापलंस तर मी गेम बंद करेन.

पायमोडका

ताईंनी नेमकं पकडलं. खडू, एसटीबीत स्केल काढायची दोन फंक्शन्स आहेत. एक पिक्सेल उंचीवरून, ते अ‍ॅसेंट ते डिसेंट मिळून ३२ पिक्सेल करतं. दुसरं एम वरून, ते एम चे ३२ पिक्सेल करतं. देवनागरी फॉन्टात वर मात्रा खाली उकार म्हणून अ‍ॅसेंट-डिसेंटची बेरीज एम पेक्षा बरीच मोठी असते, म्हणजे पहिल्याने अक्षर लहान निघतं. तू चित्र पहिल्याने काढतोयस आणि हार्फबझला ३२ चा एम दिलायस. म्हणून फट. इंग्लिशमध्ये हे जरा सैल दिसलं असतं एवढंच, कुणाच्या लक्षात आलं नसतं, आपल्याकडे वर रेघ आहे ती चुगली करते. दोन्हीकडे एम वालं वापर. आणि प्रत्येक अक्षराची जागा वेगवेगळी राउंड करू नकोस, अपूर्णांकात बेरीज करत जा आणि काढताना शेवटी राउंड कर.

ऱ्य बद्दल: ऱ चा वेगळा कोडपॉइंट आहे, ०९३१, त्यापुढे पायमोड आणि य. पण तोच ऱ काही ठिकाणी साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन कोडपॉइंटांत पण येतो, दिसायला सेम. किल्लीचा पासवर्ड वगैरे प्लेयरकडून टाइप करून घेणार असशील तर तुलना करण्याआधी दोन्ही बाजू एनएफसी (युनिकोडचं एकच ठरलेलं रूप) करून घे, नाहीतर बरोबर उत्तर चूक म्हणशील.

गोडोवाला_गणू

बघा, म्हैस व्यायला लागली.

पाटीवरचा_खडू

फट गेली!!! ताई, खरंच दोन मापं होती, एक माझ्या फाइलमध्ये आणि एक रूममेटच्या. एमआर दिल्यावर ल आणि श पण बदलले, मला आधी फरकच कळत नव्हता, आता जिथे तिथे दुकानांच्या पाट्यांवर तेच बघत फिरतोय. "पायऱ्या" बरोबर येतंय, गेम बंद करू नका. मेमरी पण स्थिर.

एकच राहिलंय. आजीच्या लॅपटॉपवर विंडोजचं यूजरनेम मराठीत आहे (मामाने केलंय), तिथे गेम सेव्हच होत नाही, एफ-ओपन (फाइल उघडणारं फंक्शन) रिकाम्या हाती परत येतो.

पायमोडका

विंडोजवर एफ-ओपनला दिलेला पाथ सिस्टिमच्या जुन्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या नंबरांचा जुना तक्ता) धरला जातो, यूटीएफ-८ मध्ये नाही. एकतर पाथ यूटीएफ-१६ करून डब्ल्यू वाला एफ-ओपन वापर, नाहीतर विंडोज १० ची १९०३ आवृत्ती किंवा पुढची असेल तर एक्झीच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतची सेटिंगची फाइल) अ‍ॅक्टिव्ह कोडपेज यूटीएफ-८ लिही, बाकी कोडला हात लावायला नको.

पाटीवरचा_खडू

मॅनिफेस्ट टाकलं, सेव्ह होतंय. कन्सोलवर लॉग अजून नुसती कचऱ्यासारखी चिन्हं छापतोय, पण तो मी एकटाच वाचतो, राहू दे.